कुरडयांच्या चैत्रातले सोळा दिवस

आमच्या धारच्या गल्लीत चैत्रातल्या दुपारी एरंडेलाचा वास सुटतो. वर्षाचे गहू भरायचे दिवस असतात. मंडीतून पोती येतात, बायका छतावर जुनी लुगडी अंथरून गहू वाळवतात, निवडतात, तळहाताला एरंडेल लावून चोळतात आणि कोठीत भरतात. यंदाही भरले. माझ्या सासूबाई, आम्ही सगळे त्यांना माई म्हणतो, आता पंचाहत्तरच्या झाल्या. त्या खुर्चीत बसून सूचना देतात, ‘तेल बेतानं लाव गं, पोळीला वास येतो नं मग.’ मी हो म्हणते आणि माझ्या मनानेच लावते. बाकी सगळ्यांना हा वास बेगमीचा वाटतो, मला मात्र भीती वाटते. अजूनही वाटते, बेंबीच्या जरा खाली, अगदी ठरलेल्या जागी.

सात-आठ वर्षांपूर्वीच्या एका चैत्राची ती भीती आहे. लग्नाला सहा वर्षं झाली होती. इंदूरच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या आणि सुधाकरांच्या बीजांचा मेळ बाहेर काचेच्या बशीत घालून दोन गर्भ माझ्या पोटात ठेवले होते आणि सांगितलं होतं, ‘अब सोलहवें दिन खून की जाँच। उससे पहले कुछ मत सोचना।’ चांगली बाई होती, हुशारही होती. पण न सोचण्याचं औषध तिने लिहून दिलं नव्हतं.

इंदूरहून धारला आम्ही भाड्याच्या गाडीने आलो. तेव्हा आमच्याकडचे रस्ते म्हणजे खड्ड्यांना मध्येमध्ये जोडणारं डांबर. मी मागच्या सीटवर उशी घेऊन आडवी पडले होते. प्रत्येक खड्ड्याला वाटायचं, गेलं. दोन्हीतलं एक तरी गेलं. डॉक्टरीणबाईंनी हसून सांगितलं होतं की असं काही पडत नसतं, आत सगळं घट्ट असतं. मी एम. एस्सी. झालेली, शाळेत जीवशास्त्र शिकवणारी बाई. फळ्यावर गर्भाशयाची आकृती मी न बघता काढू शकते. तरी त्या रस्त्यावर मी पाय एकमेकांवर घट्ट दाबून धरले होते, आणि सुधाकर ड्रायव्हरला दर पाच मिनिटांनी म्हणत होते, ‘भिया, आराम से. कोई जल्दी नी है.’

आधी एकदा हे सगळं करून झालेलं होतं. तेव्हा मी विश्रांतीला माहेरी, देवासला गेले होते. बाबा जळगावकडून इथल्या कारखान्यात नोकरीला आलेले, घर कंपनीच्या कॉलनीतलं, दोन खोल्यांचं. बाराव्या दिवशी सकाळी न्हाणीघरात गेले आणि संपलं. तपासणीपर्यंत पोचलेच नाही. आई बाहेरून विचारत होती, ‘शुभा, पाणी गरम हवंय का?’ म्हणून दुसऱ्या वेळी मी देवासला नको म्हटलं. त्या न्हाणीघराचं निळं दार मला बघायचं नव्हतं. आई रागावली, पण मला ते कारण तिला सांगवेना.

धारला राहायचं म्हणजे माईंसमोर राहायचं. सुधाकरांची नोकरी कुक्षीच्या तहसील कचेरीत. सोमवारी पहाटे बसने जायचे, शनिवारी यायचे. घरात मी आणि माई. ‘इंदूरला इलाज चालू आहे’ एवढंच माईंना ठाऊक होतं. काचेच्या बशीचं आम्ही सांगितलं नव्हतं. कसं सांगणार? हे घराणं संस्थानच्या काळात इकडे आलेलं, सणवार, सोवळंओवळं सगळं तेव्हाचं तसंच बांधून आणलेलं. महाराष्ट्रात ज्या गोष्टी केव्हाच सोडून दिल्या त्या आमच्या घरात ताठ उभ्या होत्या. त्यातलीच एक म्हणजे बाहेर बसणं.

देवासला आमच्याकडे हा प्रकार नव्हता. आई त्या दिवसांतही बाबांचा डबा करायची, कारण कारखान्याची शिफ्ट कोणाच्या विटाळासाठी थांबत नाही. धारला मात्र तीन दिवस मागच्या ओसरीवर चटई, वेगळं ताट, वेगळा तांब्या. शाळेत जायला मुभा होती, पण घरात कशाला शिवायचं नाही. माई लांबून वाढायच्या. स्वयंपाकघरात देव, म्हणून तिकडे तर पाऊलच टाकायचं नाही. सुरुवातीला मी फार चिडायचे. मग चिडणंही अंगवळणी पडलं. या व्यवस्थेची खरी गंमत अशी की तिच्यात काही लपत नाही. दूधवाल्यापासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांना समजतं की याही महिन्यात शुभा बाहेर बसली. सहा वर्षं, दर महिन्याला, ही जाहीर सूचना निघत होती.

आणि माई वर्षाची मोठी कामं माझ्या त्या तारखेवर बेतायच्या. कॅलेंडरवर खूण नाही की काही नाही, सगळं डोक्यात. त्या वर्षी कुरडया घालायच्या होत्या. कुरडयांचे गहू तीन दिवस भिजत घालावे लागतात, चौथ्या दिवशी वाटून चीक काढायचा. माईंचा हिशेब सरळ होता. मी बाहेर बसेन त्या दिवशी गहू भिजत घालायचे, चौथ्या दिवशी मी न्हाऊन मोकळी झाले की चीक घोटायला माझे हात मिळतील. गुरुवारी सकाळी त्यांनी मोठ्या पातेल्यात गहू भिजवले. माझी तारीख गुरुवारचीच होती.

गुरुवारी मी बाहेर बसले नाही.

आता इथे खरी गोम होती आणि ती मला माहीत होती, माईंना नव्हती. या वेळी डॉक्टरीणबाईंनी मला रोज एक इंजेक्शन दिलं होतं, तेलातलं, जाड सुईचं. गल्लीच्या टोकाला राहणारी नर्स सिस्टर संध्याकाळी येऊन द्यायची आणि म्हणायची, ‘ढीला छोड़ो बाई, नी तो गाँठ पड़ जाएगी.’ माईंना सांगितलं होतं ताकदीचं आहे. पण त्या इंजेक्शनने पाळी बहुधा थांबून राहते, पोटात काही असो वा नसो. डॉक्टरीणबाईंनी मला ते दोनदा बजावलं होतं. म्हणजे माझं बाहेर न बसणं याचा अर्थ काहीही नव्हता. सिस्टर सोडली तर सगळ्या धारमध्ये हे ठाऊक असलेली मी एकटीच बाई होते.

माईंनी गुरुवारी माझ्याकडे एकदा बघितलं. शुक्रवारी दोनदा. भिजवलेल्या गव्हांचं पाणी बदलताना त्यांनी मान वर केली, मी चहा गाळत होते. शनिवारी दुपारी मी साठवणीच्या गव्हांना लावायला एरंडेलाची बाटली घेतली, तर त्या उठून आल्या आणि बाटली माझ्या हातातून काढून घेतली.

‘तू राहू दे. तू एरंडेलाला हात लावू नकोस.’

‘का, माई?’

‘सांगितलं नं. आणि छतावर पण जाऊ नको आता.’

दिवस गेलेल्या बाईने एरंडेलाला शिवू नये म्हणतात. त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. पण आवाज असा होता की मी सहा वर्षांत ऐकला नव्हता. मऊ, जरा घाईचा, एखाद्याला झोपेतून न उठवता पांघरूण घालावं तसा. आतापर्यंत मी माझ्यापुरती घाबरत होते. आता एक अडुसष्ट वर्षांची बाई माझ्या भरवशावर आनंदी झाली होती आणि तो भरवसा एका सुईतल्या तेलाचा होता.

त्या दिवसांतली मी आठवते तेव्हा मला माझंच हसू येतं, पण ते पुरं येत नाही. मी शिंक आली की नाक दाबून धरत होते. जिना एकेक पायरी थांबून उतरत होते. पपईवाल्याची हाक आली तरी आत जाऊन बसत होते, जणू ती आवाजातूनच बाधेल. दर तासाला न्हाणीघरात जायचं, कडी लावायची आणि खाली बघायच्या आधी डोळे मिटून दहा आकडे मोजायचे. काही नाही. बाहेर यायचं. पुन्हा तासाने तेच. वाट बघणं म्हणतात त्याला, पण मी कशाची वाट बघतच नव्हते. मी फक्त एक गोष्ट दिसू नये म्हणून पहारा करत होते.

शिवणाच्या डब्यात, बॉबिनांच्या खाली, मी इंदूरहून आणलेली एक तपासणीची पट्टी लपवून ठेवली होती. धारच्या दुकानातून घेणं शक्यच नव्हतं, ती घरी पोचायच्या आधी बातमी पोचली असती. सोळाव्या दिवसाआधी ती खोटं बोलू शकते, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. मी ती रोज काढायचे. पाकिटावरच्या सूचना मला पाठ झाल्या. एक रेघ, दोन रेघा. आणि रोज परत ठेवून द्यायचे. डॉक्टरांचं ऐकलं असं मी सुधाकरांना फोनवर सांगायचे, पण ते काही खरं नव्हतं. जोवर मी बघत नव्हते, तोवर मला दिवस गेलेले होते. सहा वर्षांत प्रथमच. ते मला दोन-चार दिवस तरी हवं होतं.

शनिवारी संध्याकाळी सिस्टर गावाला गेली म्हणून मी ऑटोने दवाखान्यात इंजेक्शन घ्यायला निघाले. ऑटोवाल्याला म्हटलं, ‘भिया, धीरे चलाना, गड्ढे बचाके.’ त्याने आरशातून बघितलं. म्हातारा माणूस होता, गळ्यात उपरणं. ‘पेट से हो क्या, बेटा?’ इतकं सरळ मला कोणी विचारलंच नव्हतं. हो म्हणावं तर नजर लागेल, नाही म्हणावं तर आत ऐकत असेल त्याला काय वाटेल. जीवशास्त्राची बाई हे विचार करत होती. मी म्हटलं, ‘पता नी, भिया.’ पुढचा सगळा रस्ता त्याने ऑटो अशी नेली की मागून येणारे हॉर्न देऊन देऊन थकले. त्याचे आभार मानायचे राहिले.

रविवारी चीक घोटायचा होता. माईंनी मला चुलीपासून लांब स्टुलावर बसवलं आणि स्वतः पितळी पातेल्यासमोर उभ्या राहिल्या. चीक घोटणं हे तरुण माणसाचं काम. सतत एकाच दिशेने हलवत राहावं लागतं, क्षणभर थांबलात तर गुठळ्या. माईंचा खांदा दुखरा. दोन्ही हातांनी त्या लाकडी उलथनं फिरवत होत्या, कपाळावरून घाम ओघळत होता आणि मी स्टुलावर महाराणीसारखी बसले होते. सुधाकर मंडईत गेले होते. मला ते बघवेना.

‘माई, मी सांगू का एक? तसं काही नाहीये. म्हणजे, असेलही. पण माहीत नाही. ते इंजेक्शन ताकदीचं नाहीये. त्यानं थांबलंय.’

त्यांचा हात थांबला नाही. थांबवताच येत नव्हता. त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या, ‘म्हणजे काय केलंत तुम्ही इंदूरला?’

मी सांगितलं. बाहेर काचेत केलं, मग आत ठेवलं. दोन ठेवले आहेत. चीक शिजायला लागला होता, त्याचे बुडबुडे फुटत होते.

‘तुमचं दोघांचंच नं ते?’

‘हो माई. दोघांचंच.’

‘मग कधी कळेल?’

‘मंगळवारी.’

त्यांनी चीक पारदर्शक होईपर्यंत घोटला, हिंग-मीठ बघितलं, झाकण ठेवलं. मला वाटलं, झालं, आता या माझं तोंड बघणार नाहीत. लपवलं म्हणून, काचेत केलं म्हणून, आणि सगळ्यात जास्त म्हणजे त्यांचा चार दिवसांचा आनंद काढून घेतला म्हणून. त्यांनी एकटीने पातेलं छतावर नेलं, सुधाकर आल्यावर त्यांच्याकडून साचा दाबून घेतला. मी खाली बसून वरचे पावलांचे आवाज ऐकत होते.

दुपारी गहू निवडायला त्या माझ्यासमोर येऊन बसल्या. सूप मांडीवर घेतलं. खडे वेचायला लागल्या. मग सुपातच बघत म्हणाल्या,

‘सुधा चार वर्षांचा होता तेव्हा मला पुन्हा राहिलं होतं. दोन महिने वर झाले होते. सासूबाईंनी सगळ्या गावाला सांगून ठेवलं. चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं आमच्याकडे, मोठं. त्या दिवशी पहाटेच सुरू झालं मला.’

मी विचारलं, ‘मग?’

‘मग काय? सांगितलं नाही मी. कसं सांगणार होते, इतक्या बायका यायच्या. गौर मीच मांडली. सगळ्यांना कुंकू मीच लावलं, ओट्या भरल्या. तीन दिवस देवाधर्मात हिंडले तशीच. चौथ्या दिवशी जिन्यावरून पाय घसरला म्हणून सांगितलं.’ त्यांनी एक खडा उचलून बाजूला टाकला. ‘त्यानंतर काही राहिलंच नाही मला. गौरीला शिवले नं मी तशी. राहणारच नव्हतं.’

‘माई, असं नसतं हो.’

‘तुला माहीत आहे असं नसतं. मला नाही माहीत. म्हणून तर तुला बाहेर बसवते. तुझ्या हातून तसं व्हायला नको.’

सहा वर्षं मी त्या चटईवर बसून या बाईला मनातल्या मनात नावं ठेवली होती. करारी, कर्मठ, जुन्या वळणाची, सुनेला धाकात ठेवणारी. तो धाक नव्हताच. ती चाळीस वर्षांची भीती होती, आणि तिने ती आपल्यापरीने माझ्याभोवती कुंपणासारखी घातली होती. मला रडू आलं. माईंनी सूप खाली ठेवलं नाही. त्या म्हणाल्या, ‘गव्हात पाणी पडेल, तोंड फिरव.’

सुधाकरांनी आठवड्याची रजा टाकली होती. मंगळवारी इंदूरला रक्त देऊन आलो. संध्याकाळी फोन वाजला. सुधाकरांनी घेतला, मी भिंतीला टेकून त्यांच्या पाठीकडे बघत होते. पाठीवरून काही समजत नव्हतं. त्यांनी फोन ठेवला आणि म्हणाले, ‘आहे. पण आकडा कमी आहे. परवा पुन्हा बघायचं म्हणाल्या.’

‘कमी म्हणजे आहे नं?’ माईंनी विचारलं.

‘आहे.’

‘मग असू दे.’

भीतीला मोजमाप असतं असं मला तोवर वाटायचं. सोळा दिवस झाले की संपेल, इकडे किंवा तिकडे. ते दोन दिवस मोजमापाच्या पलीकडचे होते. आता आत कोणीतरी होतं, आणि कमी होतं. मी त्याच्याशी बोलले. बोलू नये असं ठरवलं होतं, तरी बोलले. थांब म्हटलं. बाकी काही मागितलं नाही. माई देवापुढे बसल्या की नेहमीपेक्षा दुप्पट वेळ उठत नसत.

गुरुवारी सकाळी न्हाणीघरात मी डोळे मिटले, दहा मोजले, उघडले.

माई पूजेत होत्या. मी काही न सांगता गाडीत बसले. सुधाकरांना गाडीत सांगितलं. त्यांनी माझा हात धरला आणि ड्रायव्हरला हळू चालवायला सांगितलं, सवयीने. डॉक्टरीणबाईंनी तरी रक्त घेतलं, तिथेच तपासलं आणि म्हणाल्या, ‘इस बार नहीं ठहरा।’ पुढे आम्ही आणखी एकदा गेलो आणि मग थांबलो. आता हे सहज लिहिता येतं. त्या दुपारी परतताना मात्र मला एकाच गोष्टीचा धसका होता, माईंना कसं सांगायचं.

मग लक्षात आलं, या घरात ती बातमी तोंडाने सांगावीच लागत नाही. मी पुढच्या दाराने गेलेच नाही. बोळातून मागे गेले, ओसरीवर चटई पसरली आणि बसले. चप्पलही काढली नव्हती. थोड्या वेळाने माई दारात आल्या. त्यांनी मला बघितलं, चटई बघितली. त्यांचा हात चौकटीवर होता तो तसाच राहिला.

मग त्या ओसरीवर उतरल्या आणि त्यांनी माझं मनगट धरलं. सोवळ्यात होत्या, नैवेद्य व्हायचा होता.

‘ऊठ.’

‘माई, मला—’

‘समजलं मला. ऊठ, आत चल.’

त्यांनी मला स्वयंपाकघरात नेलं. देवांसमोरून नेलं. स्वतःचा पाट मांडला, त्यावर बसवलं. सुधाकर दारात येऊन म्हणाले, ‘माई, अगं ती...’ तर त्या म्हणाल्या, ‘तू पण पाय धुऊन ये, जेवायला बस.’ त्यांनी गरम भात वाढला, वरण वाढलं. तूप वाढताना चमचा ताटावर वाजत होता. ओठ पांढरे पडले होते. देव्हाऱ्याकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही. चाळीस वर्षं ज्याला भ्यायल्या तेच त्या आता उघड्या डोळ्यांनी करत होत्या, आणि भीती जराही कमी झालेली नव्हती. मग त्या देवांकडे पाठ करून माझ्यासमोर जमिनीवर बसल्या आणि माझा भात संपेपर्यंत उठल्या नाहीत.